मार्गदर्शकाची माहिती हा विद्यार्थ्याचा हक्क

एमएस्सीचा निकाल लागला, नेटचा स्कोअर हाती आला की विद्यार्थी पीएचडीसाठी प्रयोगशाळा शोधू लागतात. विषय कोणता, फेलोशिप मिळेल का, वसतिगृह आहे का, एवढे ते विचारतात. ज्याच्या हाताखाली पुढची पाच-सहा वर्षे काढायची, त्या मार्गदर्शकाविषयी मात्र बहुतेक जण काहीच विचारत नाहीत. विचारले तर सरांना राग येईल आणि प्रवेश हुकेल, अशी धास्ती असते. ही धास्ती दूर करणे आपले, म्हणजे मार्गदर्शकांचे काम आहे.

संस्थेच्या नावावरून प्रयोगशाळेची पारख होत नाही. कमला भागवत, म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबईहून बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहू या अटीवर दिला. तिथे त्यांना मार्गदर्शक लाभले ते एम. श्रीनिवासय्या: शिस्तीला कडक, पण शिकवताना हात आखडता न घेणारे. पुढे १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. बेंगळुरूची संस्था एकच होती, पण तिच्या संचालकाने दार अडवले आणि तिच्याच एका मार्गदर्शकाने विद्यार्थिनी घडवली.

मार्गदर्शक कसा आहे हे आधी कळायचे कसे? आयसर किंवा टीआयएफआरच्या वर्तुळातल्या मुलाला ते सीनियर्सकडून कळते. बेंगळुरूच्या एनसीबीएससारख्या संस्थेत विद्यार्थी आधी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करतात आणि मग निवड करतात. नांदेड-गडचिरोलीच्या महाविद्यालयातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कोणी एवढे शिकत असलेल्या मुलीला यातले काहीच मिळत नाही. तिच्यासाठी पीएचडीची प्रवेश परीक्षा (पेट), मुलाखत, रिक्त जागांची यादी. जिथे जागा, तिथे नाव. माहिती ओळखीपाळखीतून फिरते तोवर ती ओळख असलेल्यांनाच मिळणार. म्हणून ती खुली करणे हा न्यायाचा प्रश्न आहे.

काय खुले करायचे? आधी मार्गदर्शकाकडच्या जागा आणि त्याची निवृत्ती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण साडेतीन वर्षे उरलेल्या मार्गदर्शकाला तो घेता येतो, आणि प्रबंधाला पाच वर्षे लागली तर शेवटच्या टप्प्यात विद्यार्थ्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. ती कोणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

पैशाचेही तसेच. स्वतःची जेआरएफ असलेल्याला दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात. प्रकल्पाच्या पैशावर घेतलेल्याचे मानधन प्रकल्पाबरोबर संपते, आणि प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. चौथ्या वर्षाची सोय काय, हे त्याला आधी कळायला हवे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या प्रयोगशाळेविषयी एक पान विभागाच्या संकेतस्थळावर ठेवावे. गेल्या दहा वर्षांत किती विद्यार्थी आले, कोणत्या वर्षी नोंदणी आणि कोणत्या वर्षी प्रबंध, किती जण मध्येच सोडून गेले, आज ते काय करतात, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे हे कसे ठरते, कामाची चर्चा किती दिवसांनी होते, रजा किती, कोणते उपकरण चालू आहे आणि कशासाठी दुसऱ्या संस्थेच्या रांगेत उभे राहावे लागते. माजी विद्यार्थ्यांची संमती घेऊन त्यांचे संपर्कही द्यावेत. जमेल तिथे उमेदवाराला पंधरा दिवस प्रयोगशाळेत काम करू द्यावे.

नव्या मार्गदर्शकाकडे दाखवायला जुने विद्यार्थी नसतात, हा आक्षेप रास्त आहे. पण तो बहुधा स्वतः टेबलाशी उभा राहून प्रयोग करतो आणि विद्यार्थ्याला रोज भेटतो. हे त्याने आपल्या पानावर जरूर लिहावे. पंधरा-वीस जणांच्या प्रयोगशाळेत रोज शिकवणारा पोस्टडॉक असेल, तर तेही लिहावे. दोन्ही प्रकार चालतात. कोणता आपल्याला मानवेल हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

महाविद्यालयातल्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या विद्यार्थ्यांना शोधगंगा हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार उघडून दाखवा. मार्गदर्शकाच्या नावाने शोधले की त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध दिसतात, आणि पुष्कळदा प्रमाणपत्राच्या पानावर नोंदणीची तारीखही सापडते. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायचे तर प्रयोगशाळेबाहेर बोलायला सांगा. आत कोणी मोकळेपणी बोलत नाही. मध्येच सोडून गेलेल्या एखाद्याशीही बोलायला सांगा. त्याचे म्हणणे एकतर्फी असू शकते, पण ते ऐकल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

यंदाच्या मुलाखतीत एखाद्या उमेदवाराने विचारले, की सर, तुमचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, तर त्याला उद्धट समजू नका. पुरावा पाहिल्याशिवाय मान्य करू नये, हे आपण वर्गात शिकवतो. ते शिकून आलेला विद्यार्थी आपल्याला हवा असेल, तर पहिला पुरावा आपण द्यायला हवा.