आपल्या ऑर्गनचा आवाज कोण जपणार?

कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थना म्हणता म्हणता मला ऑर्गनचं वेड लागलं. पण कळमन्यात पाइप ऑर्गन कुठून येणार? इथे मार्केट यार्डात ट्रकचे हॉर्नच ऐकायचे!

मात्र मित्रांनो, आज तो लॅपटॉपवर वाजतो. 'हाउप्टवर्क'सारख्या सॉफ्टवेअरसाठी खऱ्या ऑर्गनच्या एकेका पाइपचा आवाज रेकॉर्ड करतात. पट्टी सोडल्यावर चर्चमध्ये विरत जाणारा नादसुद्धा. नवी रचना करणाऱ्याला चर्चच्या किल्लीची वाट बघावी लागत नाही. खऱ्याची सर येत नाही, हे मान्य. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या चर्चमध्ये जॉन केजच्या रचनेचं वादन २००१ पासून खऱ्या पाइपांवर चालू आहे, ते २६४० मध्ये संपणार! तेवढा धीर हॉस्टेलवाल्यांना कुठला?

माझा प्रश्न वेगळाच आहे. बालगंधर्वांच्या संगीत नाटकांना साथ करणारा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, तिचं काय? तिच्यात पाइप नसतात, पितळी रीड्स असतात. आता ती क्वचितच दिसते. तिचे सूर असेच एकेक करून कोण टिपणार? बाहेरचं कोणी येणार नाही. दोन बरे माइक, एक शांत खोली आणि चिकाटी, बस्स.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना? हा घ्या!