नारू गेला, विहिरीचा हिशेब बाकी आहे



जिल्हा बैठकीसाठी आपण हुपरीत जमतो आहोत. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातून येणाऱ्यांना इथला ऊस पाहून हेवा वाटेल. भाव, वीज, कर्ज हे विषय आहेतच. त्यांत आम्ही पिण्याच्या पाण्याचा विषय मुद्दाम घातला आहे. रोगराई डॉक्टरांनी पाहावी, संघटनेने नव्हे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

नारू आठवा. वडीलधाऱ्यांनी तो पाहिला आहे. पायाला फोड यायचा आणि त्यातून हात-दोन हात लांब, दोऱ्यासारखा किडा निघायचा. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून पू व्हायचा. त्यावर औषध नव्हते, आजही नाही. विहिरी तळाला गेल्या की नारूचा जोर. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर कर्ता माणूस खाटेवर! मृग हुकला की वर्ष हुकले. हा तोटा उत्पादनखर्चाच्या कोणत्या तक्त्यात कोणी धरला?

नारू कशाने होतो, हे मात्र फार पूर्वी कळले होते. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात नारूची पिले वाढतात, हे फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास पाहिले. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (तीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली) डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी १९१४ च्या सुमारास माणसांवर प्रयोग करून दाखवले, की असे सायक्लॉप्स पोटात गेले की नारू होतो. फोडाचा पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडतो, पिले पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स ती गिळतो, ते पाणी आपण पितो आणि वर्षभराने नारू बाहेर पडतो. बोंडअळीची साखळी कोठे तोडायची हे आपण शोधतो, तसेच हे. पाणी फडक्याने गाळा, नारूवाल्याला विहिरीत उतरू देऊ नका, पायऱ्या बुजवून वर रहाट बसवा. झाले!

पण देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला १९८३-८४ साली. मध्ये सत्तर वर्षे गेली. १९८४ च्या मोजणीत महाराष्ट्रासह सात राज्यांच्या सुमारे १२,८०० गावांत जवळजवळ ४०,००० रोगी सापडले. मग घरोघर शोध झाला, गाळण्या वाटल्या, हातपंप आले, पाण्यात औषध पडले. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

बारा वर्षांत जमणाऱ्या कामाला सत्तर वर्षे का लागली? पैसा नव्हता म्हणतात. अहो, पाणी गाळायला फडके लागते, धरण नव्हे. खरे कारण असे, की हा रोग कोरडवाहू खेड्याचा होता. शहरातल्या नळाला नारू नव्हता, म्हणून कोणाला घाई नव्हती. शास्त्रज्ञाने आपले काम केले. ते ज्ञान विहिरीच्या काठापर्यंत आणणारा कोणी नव्हता. आणि आपणही ते मागितले नाही, हेही कबूल करू.

नारू गेला म्हणून पाणी शुद्ध झाले असे नाही. हुपरीशेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसे दगावली. नदीकाठच्या शहराची ही गत, तर टँकरवरच्या गावाने कोणाच्या भरवशावर राहायचे?

म्हणून बैठकीत आमचे मागणे साधे आहे. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. येत्या ग्रामसभेत उठून विचारा : आपले कार्ड कोणत्या रंगाचे? टीसीएल पावडर शिल्लक किती? पाण्याच्या तपासणीचा अहवाल फळ्यावर का नाही? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. हे प्रश्न मायभगिनींनी विचारले तर अधिक बरे; पाणी त्याच आणतात आणि आजाऱ्याची उस्तवारही त्याच करतात.

भाव मागणाऱ्याने शुद्ध पाणी मागायला लाजू नये. आजाऱ्याच्या खाटेशेजारी पेरणी होत नाही.