बारावी झाली, आता कोणता कोर्स लावायचा?

बारावीचे पेपर संपले की मंडळातल्या काकू-वहिनींचा एक ठरलेला प्रश्न येतो. "अरे, दिवसभर मोबाइल घेऊन लोळत असतो. एखादा कोडिंगचा कोर्स लावून देऊ का? तू त्याच लाइनमध्ये आहेस, सांग ना."

माझं उत्तरही ठरलेलं आहे. लावू नका, निदान हजारो रुपये भरून तरी नको. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन शिकवतात ते अगदी पहिल्या पायरीपासून. तिथे मूल अडत नाही. अडतं ते दुसरीकडेच.

आमच्या नात्यातला एक मुलगा बारावीला ८८ टक्के मिळवून चांगल्या सरकारी कॉलेजात गेला. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत बॅक लागली. घरी सांगायचं धाडस होईना. आईवडिलांना कळलं तेव्हा दुसरं सेमिस्टर निम्मं संपलं होतं. मी त्याच्याशी निवांत बोललो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, विषय अवघड नव्हता. पण कुठून वाचायचं, कुणाला विचारायचं, हेच समजलं नाही. आणि तोवर परीक्षा आली."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. बारावीपर्यंत आपली मुलं एका तयार रुळावरून चालतात. शाळा, कोचिंग, दर रविवारी टेस्ट, चुकलं की सर घरी फोन करणार. कॉलेजात एका सेमिस्टरला पाच-सहा विषय आणि शिकवायला जेमतेम चार महिने. सर जाड पुस्तकातली चार प्रकरणं सांगून पुढे जातात. तुम्ही वाचलंत की नाही, हे विचारायला कुणी येत नाही. म्हणून या सुट्टीत शिकायची गोष्ट एकच आहे: कुणी मागे नसताना आपलं काम आपण करणं. आता ही सवय लावायची कशी, ते सांगतो. जेईई मेनचा एप्रिलचा टप्पा किंवा मे महिन्यातली अॅडव्हान्स्ड ज्यांची बाकी आहे, त्यांनी आधी ती उरकावी. त्यानंतरही कॉलेज सुरू होईपर्यंत दीड-दोन महिने मिळतात. तेवढे पुरेसे आहेत.

पहिलं काम, गणिताची पुस्तकं रद्दीत देऊ नका. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातलं कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स यांवरच पहिल्या वर्षाचं गणित उभं राहतं. रोज पाऊण तास द्या. क्लास नाही, व्हिडिओ नाही, फक्त पुस्तक आणि वही. दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं, मग उदाहरणं सोडवायची. अडलं तर त्या दिवशी अडू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. तरीही सुटलं नाही, तरच व्हिडिओ बघा. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. यात मार्क मिळवायचे नाहीत. 'मला पुस्तकातून समजतं' हा भरवसा मिळवायचा आहे.

दुसरं काम भाषेचं. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांना अवकलन, समाकलन छान येतं, पण फळ्यावर 'डिफरन्शिएशन', 'इंटिग्रल' आलं की पहिले पंधरा दिवस गोंधळात जातात. एक वही करा. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द. रोज दहा शब्द, म्हणजे दीड महिन्यात साडेचारशे. शिवाय रोज एक व्याख्या इंग्रजीत न बघता लिहा. समजून मराठीतच घ्या, त्यात काही कमीपणा नाही. मीही अवघड गोष्टीचा विचार अजून मराठीतच करतो. पण उत्तरपत्रिका आणि पुढे नोकरीतली ईमेल लिहायची सवय हाताला हवी.

तिसरं काम कॉम्प्युटरचं. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांत एक गोष्ट दिसते. मोबाइल डोळे मिटून चालवतात, पण फाइल कुठल्या फोल्डरमध्ये सेव्ह झाली ते सांगता येत नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर ओळखीच्या कुणाचा तरी आठवड्यातून दोनदा मागून घ्या. दहा बोटांनी टायपिंग, फोल्डर नीट लावणं आणि एक्सेलमध्ये हिशेब, एवढं शिका. सराव कशावर करायचा? आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणीची यादी आहेच! नाव, गल्ली, रक्कम, मिळाली की बाकी. खजिनदार काका तुम्हाला मनापासून दुवा देतील. त्यानंतर हौस असेल तर पायथन फुकट उतरवून घ्या आणि त्याच यादीतून बाकीदारांची नावं काढणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा. स्वतःच्या गरजेसाठी लिहिलेला असा एक छोटा प्रोग्रॅम सर्टिफिकेटपेक्षा जास्त शिकवून जातो.

चौथं काम कागदपत्रांचं, आणि ते बाबांनी नाही, मुलानं किंवा मुलीनं करायचं. मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते बघा. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर ते गायब, तिसऱ्यावर आडनाव आधी. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सुरुवात करा. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशासाठी ओबीसी नॉन-क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र लागणार असेल, तर ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. गेल्या वर्षीचं चालत नाही.

अजून एक गोष्ट आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसाठी. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या मुलांसाठी असतात, आणि गृहराज्य ठरतं ते बारावी कुठून केली त्यावरून. मातृभाषा किंवा मूळ गाव यांचा संबंध नाही. म्हणजे इंदूरहून बारावी केलेल्या मुलीला भोपाळच्या मॅनिटमध्ये गृहराज्याचा फायदा आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत मात्र ती परराज्यातली, आजोळ सीताबर्डीला असलं तरी! महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय प्रवेशाचे नियम आणखी वेगळे. ते व्हॉट्सअॅपवर विचारत बसू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि पहिल्या पानापासून मुलांनीच वाचा. नियमांचं कंटाळवाणं पुस्तक शेवटपर्यंत वाचता येणं, हीसुद्धा कॉलेजची तयारीच आहे.

शेवटचं काम घरातलं. स्वतःच्या गजरानं उठणं, स्वतःचे कपडे धुणं, पोहे आणि वरणभात करता येणं, महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन ती तीस दिवस पुरवणं. बँकेत खातं उघडायला एकट्यानं जा. काउंटरवर कुणी "उद्या या" म्हटलं तर "कुठला कागद कमी आहे, सांगाल का?" असं विचारा. सोपं वाटतं, पण अनोळखी माणसाला नीट प्रश्न विचारता येणं ही कला आहे. आमच्या त्या मुलाला नेमकी तीच येत नव्हती. नंतर त्यानं एका सीनियरला गाठलं, सरांच्या केबिनचं दार वाजवलं, आणि दोन्ही विषय पुढच्या परीक्षेत निघाले. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःहून विचारतो, "काही अडलंय का?"

आईबाबांनाही एक विनंती. या दीड-दोन महिन्यांत मुलांकडून चुका होतील. फॉर्म चुकेल, दूध उतू जाईल, पैसे विसाव्या दिवशी संपतील. धावत जाऊन सावरू नका. त्या चुका घरात झालेल्या बऱ्या. आणि एक वाक्य जाण्याआधी जरूर सांगून ठेवा: "निकाल कसाही लागला तरी पहिला फोन आम्हालाच कर." ते ऐकलेलं मूल सहसा काही लपवत नाही.

रोज पाऊण तास गणित, दहा शब्द, आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटर, बाकी वेळ क्रिकेट, मामाचं गाव आणि झोप. सुट्टी सुट्टीच राहिली पाहिजे. पुढच्या महिन्यात काउन्सिलिंगच्या वेळी कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम कसा लावायचा ते बघू. तोवर नावांची स्पेलिंगं तेवढी तपासून ठेवा.