बूट फाटेपर्यंत थांबू नका

देवउठनी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांत मराठी माणसं खूप असतात. यंदा पायी निघणार असाल, तर एक कळकळीची विनंती आहे: निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेले करकरीत बूट घालून वाट धरू नका. महिनाभर आधी घ्या. ज्या मोज्यांवर चालणार तेच मोजे घालून, पाठीवर सॅक घेऊन रोज चाला.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ती नसेल तर उतारावर नखं बुटावर आपटून काळी पडतात. ‘वापरून सैल होतील’ असं दुकानदार म्हणेल. बूट रुंदीला थोडा सैलावतो, लांबीला नाही. वॉटरप्रूफ बुटांच्या मागे लागू नका. वाटेत उपनद्या पाण्यात उतरून ओलांडाव्या लागतात. वरून आत शिरलेलं पाणी अशा बुटातून लवकर निघत नाही, साधा जाळीचा बूट मात्र चालता चालता वाळतो.

आता खरा मुद्दा. परिक्रमेची वाट अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आहे आणि चालण्याच्या बुटातला फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरांत बसतो. तेव्हा खर्च धरताना चार जोड तरी धरा. अडचण अशी, की बूट वरून धड दिसतो आणि आतून संपलेला असतो. दर आठ दिवसांनी तो सपाट ओट्यावर ठेवा आणि मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली, तळव्याच्या कडेच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या असल्या, किंवा आजवर न दुखलेला गुडघा दुखू लागला, तर बूट बदला. मोची उसवलेली शिवण घालून देतो, सुटलेला सोल चिकटवतो, पण बसलेला फोम त्याच्याही हातात नाही. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला ‘न वापरलेला’ जोडही नेऊ नका. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि चालू लागलं की त्याचा भुगा होतो.

दक्षिण तटाने निघालात की शूलपाणीची झाडी या डोंगराळ जंगलपट्ट्याआधी बूट तपासा आणि शंका वाटली तर बडवानीतच बदला. पुढे डोंगरात दुकानाची आशा धरू नका. त्यानंतर भरूच, जबलपूर, नर्मदापुरम ही मोठी गावं आहेत. तुमचा नंबर दहाच्या वर असेल किंवा पाऊल रुंद असेल, तर दुसरा जोड घरून मागवणंच बरं, पण तो आधीच घेऊन ठेवायला सांगू नका. काही आठवडे ओझं घेऊन चाललं की पाऊल पसरतं आणि पुढचा जोड बऱ्याचदा अर्धा नंबर मोठा लागतो. नवा आला की जुना लगेच टाकू नका. दोन-चार दिवस सकाळी नवा, दुपारनंतर जुना, असं चाला.

अनवाणी परिक्रमा करणाऱ्यांच्या श्रद्धेला नमस्कार. पण मधुमेह असलेल्यांनी तो नेम धरू नये, हे मी हट्टाने सांगेन. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही. त्यांनी रोज मुक्कामाला पोचल्यावर उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात, वाकणं होत नसेल तर सोबत्याला बघायला सांगावं. जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी चालू नये, आधी जवळच्या दवाखान्यात दाखवावं.