परक्या शाळेचा उंबरठा

जून महिन्यात शाळा उघडतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या गावांचे रस्ते छत्र्यांनी भरून जातात. वर्गावर्गांतून जुने सोबती पुन्हा भेटतात आणि सुट्टीतल्या गमतीजमती सांगण्याची घाई उडते. अशा वेळी एखाद्या वर्गाच्या दारात एक नवा विद्यार्थी येऊन उभा राहतो. त्याचा गणवेश कोरा असतो. कोणत्या बाकावर बसावे हे त्याला ठाऊक नसते. साऱ्या वर्गाचे डोळे एकाच वेळी त्याच्याकडे वळतात. दारापासून बाकापर्यंतचे अंतर असते अवघ्या दहा पावलांचे. परंतु त्याला ते दहा कोसांचे वाटते.

जवळच्या गावाहून आलेल्या मुलाची ही स्थिती, तर सातासमुद्रांपलीकडच्या शाळेत जाणाऱ्याची काय होत असेल? तिथली भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवा वेगळी. अशा विद्यार्थ्याला उपदेश करणाऱ्यांची वाण कधीच नसते. कोणी म्हणतो, ‘जसा देश तसा वेश; तिकडच्यासारखा हो.’ दुसरा म्हणतो, ‘आपले काही एक सोडू नकोस.’ हे दोन्ही उपदेश अपुरे आहेत. नव्याने काय करावे एवढेच ते सांगतात. वर्गात आधीपासून बसलेल्यांनी काय करावे, ह्याविषयी ते गप्प असतात. खरे पाहता परक्या शाळेचा उंबरठा एकट्याला ओलांडता येत नाही. आत येणाऱ्याजवळ निश्चय हवा आणि आत असणाऱ्याजवळ मोकळे मन हवे. ह्या म्हणण्याची साक्ष कल्याणच्याच एका मुलीच्या चरित्रात सापडते.

ह्या मुलीचे माहेरचे नाव यमुना. तिचा जन्म १८६५ सालचा. बालपण कल्याणच्या जोशी घराण्यात गेले. ठाण्याहून आगगाडी कल्याणला येऊन पोचली ती १८५४ साली. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा गाडीची शिट्टी गावाच्या अंगवळणी पडली होती. मात्र मुलीच्या हाती पुस्तक पाहणे गावाच्या अंगवळणी पडले नव्हते. नवव्या वर्षी तिचा विवाह टपालखात्यातील गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई झाली. पत्नीला शिकवायचेच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत दगावला. आजारी स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे संकोचतात आणि स्त्री डॉक्टर तर मिळतच नाही, हे त्यांनी पाहिले होते. आपणच डॉक्टर व्हावे, हा निश्चय त्या दुःखाच्या काळात पक्का झाला.

गोपाळरावांच्या नोकरीमुळे हे जोडपे गावोगाव फिरले. मुंबईत असताना आनंदीबाई शाळेत जात. हातात पुस्तके घेऊन रस्त्याने चाललेली तरुण स्त्री पाहून लोक भोवती जमत. कोणी हसत, कोणी खडे मारीत, कोणी थुंकत. पुढे एका जाहीर भाषणात त्यांनी हे सारे सांगितले. ती शाळा त्यांच्याच मुलखात होती आणि रस्त्यावरची माणसे त्यांचीच होती. तरीही त्यांना तेथे परकेपणा भोगावा लागला. परकेपणा हा अंतरावर अवलंबून नसतो, तो माणसांच्या वागण्यातून उपजतो. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेचे दारही काही सहजासहजी उघडले नाही. १८७८ साली गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तरात ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अपेक्षा दाखविली गेली. ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी सहज एक मासिक चाळायला घेतले. नेमके तेच मासिक, तोच पत्रव्यवहार! त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रांमागून पत्रे गेली आणि आली. ह्या अनोळखी बाईंनी कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे लोकांना समजावून सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी त्या सभेत ठासून सांगितले. मग अंगावरचे दागिने मोडून त्यांनी प्रवासाची सोय केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. पती बरोबर नव्हते. वय होते अठरा वर्षांचे. जूनमध्ये त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. कार्पेंटर मावशी त्यांना रोझेलला आपल्या घरी घेऊन गेल्या. पुढे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला.

तेथे आनंदीबाई कशा राहिल्या? त्यांनी शाकाहार सोडला नाही. साडी सोडली नाही. परंतु नऊवारी नेसून तिकडच्या थंडीत निभाव लागेना. पाय उघडे पडत. तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. वस्त्र आपलेच राहिले. नेसण्याची रीत तेवढी हवामानाप्रमाणे बदलली. स्वतःचे काय राखावे आणि कोठे मुरड घालावी, हे पाहुण्या विद्यार्थ्याने रोज, प्रत्येक बाबतीत, स्वतःच ठरवायचे असते. ते ठरविण्याची बुद्धी हेच परदेशी शिक्षणाचे पहिले फळ होय.

ह्या निश्चयाची किंमत आनंदीबाईंना मोजावी लागली, हेही झाकून ठेवू नये. कडाक्याची थंडी, सवयीचे अन्न मिळण्याची अडचण आणि अभ्यासाचे कष्ट ह्यांनी त्यांचे शरीर पोखरले. क्षयाने त्यांना गाठले. म्हणून कोणी विचारील, ‘थोडी अधिक मुरड घातली असती तर?’ प्रश्न रास्त आहे. मनाचा निर्धार कितीही थोर असला तरी शरीराची हेळसांड करणे हे त्याचे भूषण मानू नये. परंतु दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. डॉक्टर होण्यासाठी आजारी मुलीला इतके दूर जावे लागले, ते का? त्या वेळच्या समाजाने तिला जवळ काही मिळू दिले नाही म्हणून. दोष द्यायचा तर तो एकट्या आनंदीबाईंच्या व्रताला देता येणार नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. आणखी एक आठवण त्या महाविद्यालयाने जपली आहे. १८८५ साली काढलेल्या एका छायाचित्रात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. एक आनंदीबाई, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी आणि तिसऱ्या दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तिघींचा धर्म, भाषा आणि देश निराळे. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख. विद्या मात्र एकच. जगातील सर्व शाळा अशा झाल्या तर किती बरे होईल, असा विचार ते चित्र पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काळी असा प्रवास एखादीच करी. पुढे दिवस पालटले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवकांचे एक पथक होते. माणसांची दुर्दशा त्यांनी जवळून पाहिली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्या संस्थेने ठरविले, की निरनिराळ्या देशांतील शाळकरी मुलांनी एकमेकांच्या घरी राहून शिकावे. ज्याच्या घरी आपण जेवलो त्याच्याशी वैर धरणे कठीण जाते. शालेय विद्यार्थ्यांच्या देवघेवीची प्रथा अशा प्रयत्नांतून वाढीला लागली. अनेक योजनांत यजमान कुटुंबे मोबदला न घेता परक्या मुलाला वर्षभर आपल्या घरी ठेवतात. कार्पेंटर मावशींनी जे केले तेच आता शेकडो घरे करतात.

समजा, डोंबिवलीचा एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अशा योजनेतून अमेरिकेतील माध्यमिक शाळेत गेला, तर तेथे त्याला काय दिसते? सकाळी पिवळी बस त्याला घ्यायला येते. आपल्याकडे विद्यार्थी वर्गात बसून राहतात आणि तासागणिक शिक्षक बदलतात. तेथे घंटा झाली की विद्यार्थीच दप्तर उचलून दुसऱ्या शिक्षकाच्या खोलीत जातात. काही विषय सक्तीचे, तर काही आपल्या आवडीप्रमाणे निवडायचे. एकीकडे गणित, तर दुसरीकडे सुतारकाम, नाट्य किंवा वाद्यवृंद. शिक्षकाला मध्येच प्रश्न विचारणे तेथे उद्धटपणाचे समजत नाहीत. बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो. आरंभी ह्या मुलाला सारे विस्कळीत वाटते. हळूहळू त्याच्या ध्यानात येते की ह्या मोकळेपणातही शिस्त आहे. फक्त ती बाहेरून लादलेली दिसत नाही.

शिकणे मात्र एकतर्फी नसते. त्याच्या वर्गातील मुले विचारतात, ‘तुमच्याकडे गाड्यांना एवढी गर्दी का?’ ‘तुम्ही घरात पादत्राणे का घालीत नाही?’ ‘तुझी भाषा कोणती, आणि ती कशी लिहितात?’ तोपर्यंत ह्या गोष्टींचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. उत्तर शोधता शोधता तो आपला देश नव्याने पाहू लागतो. घराची किंमत दूर गेल्यावर कळते ती अशी.

अशा देवघेवीवर काही आक्षेप घेतले जातात. मुलाचे येथील एक वर्ष बुडते, तो आपली भाषा विसरतो, तिकडच्या चकचकाटाला भुलतो, असे कित्येक पालक म्हणतात. ह्या भीतीत तथ्य मुळीच नाही असे नाही. जो मुलगा घरून रिकामा जातो तो तिकडे जे मिळेल त्याने भरून येतो. परंतु ज्याला आपली भाषा नीट येते आणि ज्याचे मन सावध आहे, त्याला भुलण्याचे भय थोडे. पंडिता रमाबाईंनी अमेरिका पाहिली आणि तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. तो १८८९ साली प्रसिद्ध झाला. दूर देशी जे पाहिले ते त्यांनी आपल्या भाषेत आणून ठेवले. परदेशी गेलेल्याने परत येताना काय आणावे, ह्याचा हा उत्तम नमुना आहे.

तथापि परदेशी जाण्याचा योग थोड्यांनाच येतो. पाहुण्याचे स्वागत करण्याचा योग मात्र प्रत्येकाला येतो. कल्याणच्या परिसराला हे नवे नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. त्याच वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या छावणीतील मुलांनाही एके दिवशी अनोळखी शाळेच्या दारात उभे राहावे लागले असेल. आजही कोकणातून, विदर्भातून, परप्रांतांतून कामधंद्यासाठी आलेल्यांची मुले ठाण्या-कल्याणच्या वर्गांत येऊन बसतात. त्यांचे उच्चार निराळे असतात. डब्यातली भाजी निराळी असते. त्यांच्या बोलण्याला हसणे फार सोपे असते. असे हसणारा मुलगा मुंबईच्या रस्त्यावर आनंदीबाईंना खडे मारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्याला ते ठाऊक नसते एवढेच. आणि जो मुलगा बाकावर सरकून जागा करतो, आपला डबा पुढे करतो, तो कार्पेंटर मावशींच्या घरचा होतो. ह्यासाठी पैसा लागत नाही की बोटीचे तिकीट लागत नाही.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले होते. परंतु ते हाती घेण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेस कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत मावशींनी त्या ठेवल्या. कल्याणच्या लेकीला परक्या घराने शेवटी आपल्या माणसांतच जागा दिली.

पुढच्या जूनमध्ये वर्गाच्या दारात नवा विद्यार्थी येऊन उभा राहील. दारापासून बाकापर्यंतची दहा पावले त्याची त्यालाच चालायची आहेत. ती दहा कोसांची वाटावीत की दहा पावलांचीच राहावीत, हे मात्र बाकावर बसलेल्यांच्या हाती आहे.