वय लिहा : १९

सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात माझ्या धाकट्या बहिणीचं वय १९ लिहिलंय. खरं वय होतं १५. लिहिणाऱ्या बाईला ते माहीत होतं, सासूला माहीत होतं, बाहेर बिडी ओढत बसलेल्या माझ्या बापाला माहीत होतं. आणि मलाही. मी तिथंच उभा होतो. बाईनं एकदा पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा पोटाकडं पाहिलं नि म्हणाली, "एकोणीस लिहिते हं. नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वजन झालं, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं मिळाली. पोरगी महिन्याभरापासून कुणाशी धड बोलत नव्हती. पण त्यासाठी कार्डावर रकाना नव्हता आणि आमच्यापैकी कुणाच्या तोंडून ते निघालंही नाही.

मित्रांनो, ही माझ्या घरची गोष्ट आहे म्हणून सांगतोय असं नाही. ही आपल्या वस्तीवस्तीतली गोष्ट आहे आणि आपण सगळे तिच्यावर गोधडी टाकून बसलोय म्हणून सांगतोय.

तिचं लग्न २०१६ च्या दिवाळीआधी झालं. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या अगोदर आमच्या बीडकडं अशी लग्नं घाईनं उरकतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, अर्धी उचल. त्याला पूर्ण कोयता व्हायचं तर बायको पाहिजे आणि ती ताबडतोब पाहिजे. इकडं पोरीच्या बापाला दुसरी धास्ती. सहा महिने फडावर जायचं, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर कोपीला दार नाही, कुलूप नाही. मग उजवून टाकतात. त्याच साली बाच्या उचलीतून माझी औरंगाबादच्या होस्टेलची फी भरली गेली होती. एकाला शिकवायचं नि एकीला उजवायचं, हा हिशेब आमच्या घरात झाला तेव्हा मी बी.ए.च्या वर्गात आंबेडकरी चळवळीवर निबंध लिहीत होतो.

संक्रांतीला मी तिच्या फडावर गेलो. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. दिवस राहिलेले, अन्न ठरत नाही. एक दिवस निजून राहिली तर खाडा पडतो, त्याचे पैसे उचलीत वळते होतात. ती मला म्हणाली, "झोपच येईना रे दादा. रातभर नुसती जागी असते. सकाळी उठूच नाही असं वाटतंय." मी काय म्हणालो? "लेकरू झालं की होईल सगळं नीट." मी शिकलेला माणूस. व्यवस्थेवर तासभर बोलू शकणारा. माझ्याकडं एवढंच वाक्य होतं, आणि ते माझ्या आजीच्या तोंडचं होतं.

सातव्या महिन्यात ती रात्री विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. सासरचे म्हणाले, बाहेरचं झालंय. देवरुषी आला, लिंबू-मिरच्या झाल्या, धुपाचा धूर तिच्या नाकात घातला. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की पोरगी आजारी आहे, आणि या आजाराला नाव आहे, औषध आहे, उपाय आहे.

नाव आहे नैराश्य. ते बाळंतपणानंतरच येतं असं नाही, पोटात लेकरू असतानाही येतं. दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नाही. झोप उडते नाहीतर उठवत नाही. भूक मरते, विनाकारण रडू येतं, सगळं आपल्यामुळंच बिघडलं असं वाटतं, मरून जावंसं वाटतं. कोवळं वय, गरिबी, नको असलेलं गरोदरपण, नवऱ्याचा मार, जवळ बोलायला माणूस नाही, यातली एकेक गोष्ट हा धोका वाढवते. आपल्या पोरींच्या वाट्याला यातलं सगळं एकदम येतं. वर म्हणायचं, पोरगी मनानं कच्ची आहे! अरे, दिवसभर ऊस वाहणारी पोर कच्ची कशी असेल? पंधराव्या वर्षी तिच्या अंगावर जे टाकलं ते तुमच्या-माझ्यावर टाकून बघा.

हा आजार ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. १९८७ साली एडिंबरो इथं तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आहे. ती जगभर वापरतात, गरोदर बायकांसाठीही वापरतात. शेवटचा प्रश्न असतो स्वतःला इजा करावीशी वाटते का हा. दहा प्रश्न! चहा उकळेपर्यंत विचारून होतात. आपल्याकडं २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी, त्यात मानसिक आरोग्य हा विषय कागदावर आहे. पण ऊस तोडायला कारखान्याच्या हद्दीत गेलेल्या पोरीपर्यंत तो कागद पोचत नाही. गावातली आशाताई गावात राहते आणि पोरगी फडावर असते. तिथं कुणाच्याच यादीत ती नसते.

आणि ती आहे तरी किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. १५ ते १९ वयाच्या पोरींपैकी राज्यात ७.६ टक्के पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे तेरा पोरींमागं एक. आता यात रजिस्टरात १९ लिहिलेली माझी बहीण कुठं बसते ते तुम्हीच सांगा. खोट्या वयाची पोर सरकारच्या लेखी प्रौढ बाई. तिच्यासाठी वेगळी काळजी कशाला?

हे खोटं वय का लिहिलं जातं, तेही बघू. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो २०१२ चा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं अठराखालच्या बायकोशी संबंध म्हणजे बलात्कारच असं सांगितलं. बरोबर सांगितलं. पोक्सोखाली असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण गावात त्याचा अर्थ असा झाला की दवाखाना म्हणजे ठाणं. नवरा आत जाईल, बाप आत जाईल, म्हणून पोरीला दवाखान्यात नेतच नाहीत, नेलं तर वय वाढवून नेतात. मुकादम मात्र कधी आत जात नाही, कारखान्याचा चेअरमन तर नाहीच नाही. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एवढी वाट काढली की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही. पण गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागतेच. ज्या बापानं लग्न लावलं त्याचीच सही! पोरीला कुणी विचारायचं?

आता आपल्याकडं वळतो. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात स्त्रियाही धरल्या होत्या. आपण तो जाहीरनामा पाठ केला. बलात्कार झाला की मोर्चा काढतो, खून झाला की रस्ता अडवतो, आणि ते केलंच पाहिजे. पण जी पोर न ओरडता आतल्या आत संपत चाललीय तिच्यासाठी आपल्याकडं घोषणा नाही. उलट पत्रिकेवर बाबासाहेबांचा फोटो छापून, त्रिशरण-पंचशील म्हणून पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावणारे आपल्यातच आहेत, आणि त्या मांडवात पहिल्या पंगतीला बसणारे कार्यकर्तेही आपणच. बामणाशिवाय लावलं म्हणून बालविवाह क्रांतिकारक होत नाही.

बाबासाहेब १९४२ च्या जुलैत नागपूरला आपल्या बायाबापड्यांसमोर उभे राहून म्हणाले होते की लग्नाची घाई करू नका, ती जबाबदारी आहे. त्यांचं स्वतःचं लग्न लहानपणी झालं होतं, रमाई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती काळाची रीत होती, ती मोडा असं सांगायला ते कचरले नाहीत. आणि ज्योतिबा-सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, जीव वाचवावा, एवढंच. आधी पोरीचा जीव, मग जगाची चौकशी. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आपल्या दवाखान्याला अजून हा क्रम जमत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. अठराखालच्या पोरीच्या लग्नाला आपला माणूस जाणार नाही, मग ते सख्ख्या मामाच्या घरचं असो. आधी समजावायचं, नाही ऐकलं तर १०९८ वर कळवायचं. उचल आणि मजुरी कोयत्यावर नको, माणसागणिक, बाईची बाईच्या नावावर द्या, म्हणजे उचलीसाठी नवरी शोधणं थांबेल. गरोदर पोरीला खाडा लागता कामा नये. हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर नर्स आणि समुपदेशक हवी, आणि माता-बाल कार्डावर मनाचे ते दहा प्रश्न हवेत. गुन्हा नोंदवायचा तो नोंदवा, पण पोरीच्या तपासणीची, औषधाची, झोपेची किंमत लावून नको. आणि तोवर आपल्या बाया-कार्यकर्त्यांनी कोपीकोपीवर जाऊन बसावं. सासूला चहा टाकायला पाठवावं आणि पोरीला विचारावं, झोप येते का? मरावंसं वाटतं का? असं विचारल्यानं कुणी मरत नाही. विचारलं नाही म्हणून मरतात. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबरही आहे, तो कोपीच्या कुडावर खडूनं लिहा.

माझी बहीण जगली. लेकरू शाळेत जातंय. ती अजून कोयत्यावर जाते. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, तेव्हा तुला काय होत होतं गं? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "दादा, तवा इचारायचं असतं." माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तुमच्या घरात अजून वेळ गेलेली नसेल. आज रात्री विचारा.

जयभीम.