पुन्हा हातात ब्रश

रमजानच्या आधी घराची झाडलोट करताना माळ्यावर एक खोका सापडला. आत कडक झालेले ब्रश, अर्धवट वाळलेल्या रंगांच्या ट्यूब आणि कापडात गुंडाळलेला एक अपुरा कॅनव्हास. त्यावर 'बिस्मिल्लाह'चा फक्त 'बे' रंगवून झालेला. दोन वर्षं मी त्या खोक्याकडे पाहिलंही नव्हतं.

चित्रकलेचा नाद मला शाळेपासूनचा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर आयतींच्या फ्रेम करू लागले. नणंदेने एकीचा फोटो नातेवाइकांत फिरवला आणि ऑर्डरी सुरू झाल्या. चार पैसे हाती आले, कौतुकही झालं. पण मग आकार, रंग, तारीख सगळंच दुसऱ्याच्या मनाप्रमाणे. शेवटी एका बाईंनी फ्रेम परत पाठवली. सोनेरी रंग त्यांच्या पडद्यांना जुळत नव्हता म्हणे. त्या रात्री मी सगळं सामान बांधून ठेवलं. पुढे एकदोनदा बसून पाहिलं, पण कोरा कागद समोर आला की एकच विचार यायचा, हे कुणाला आवडेल का? हात चालेना.

पुन्हा सुरुवात झाली ती लेकीच्या कंपासपेटीतून. "अम्मी, बघ ना, कंपास तेवढाच ठेवला की फूल येतं!" तिने वर्तुळ काढलं. कंपासचं माप न बदलता त्याचं टोक वर्तुळाच्या रेषेवर ठेवून कमानी काढत गेली. सहावी कमान बरोबर पहिल्या बिंदूला येऊन मिळाली. सहा पाकळ्या. आपल्या मशिदी-मकबऱ्यांच्या जाळ्यांवरची कितीतरी नक्षी अशाच वर्तुळातून, षटकोनातून उमलते. मी तिच्याच रंगपेटीतला निळा घेतला आणि एक पाकळी भरली. दुसरी ओघळली. हसू आलं. किती दिवसांनी!

सय्यद हैदर रझा आठवले. मंडला जिल्ह्यात 1922 साली जन्मलेला हा चित्रकार नागपूर आणि मुंबईत शिकला, 1950 मध्ये फ्रान्सला गेला, नावारूपाला आला. तरी सत्तरच्या दशकात स्वतःच्याच कामावर त्यांचं समाधान होईना. मायदेशी फेऱ्या झाल्या, अजिंठा-वेरूळ पाहून झालं. पुढे त्यांच्या चित्रांत 'बिंदू' आला. लहानपणी वर्गात लक्ष लागत नव्हतं, तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. तोच तो ठिपका. एवढा मोठा कलावंत अडला तेव्हा ठिपक्यापाशी परतला. मग आपण पाकळीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आता इशाची नमाज झाली, ओटा आवरला की वीस मिनिटं माझी. पोस्टकार्डाएवढा कागद आणि दोनच रंग. मोठ्या कागदाची धास्ती वाटते, लहान कागद बिघडला तरी जीव हळहळत नाही. जलरंगात आधी फिका, मग गडद. पांढरा लागेल तिथे कागद कोराच सोडायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा दिला तर रंग एकमेकांत पसरतात. सबर इथेही लागतोच! झालेलं चित्र वहीत ठेवते, फोटो काढत नाही.

ऑर्डरी घेऊच नयेत असं नाही. हुनरावर घर चालवणाऱ्या भगिनींबद्दल मला आदरच आहे. पण ज्या कामाने मन हलकं होत होतं, त्याचंच ओझं झालं, तर त्यातला एक कोपरा तरी विकायला काढू नये. परवा एका ओळखीच्या बाईंनी फ्रेमसाठी विचारलं. मी म्हटलं, "सध्या नाही, माफ करा." पैसे गेले, वाईटही वाटलं. पण रात्री वही उघडली तेव्हा मन शांत होतं.

माळ्यावरचा कॅनव्हास खाली काढून ठेवलाय. 'बे'नंतरचा 'सीन' रंगवायचा आहे. घाई मात्र नाही.